खंडेनवमीचं रिव्हॉल्व्हर

पितळेची वस्तू पूजेत ठेवायची तर ती लख्ख असली पाहिजे, एवढंच माझ्या डोक्यात होतं. चिंचेचा कोळ, जाडं मीठ आणि हलका हात. देवाची भांडी मी आजवर अशीच घासत आले. तेव्हा त्या नवमीच्या सकाळी मी जे केलं ते कुणाचं नुकसान करायला केलं नाही, हे आधी सांगून ठेवते.

आमचे हे, म्हणजे मिलिंदराव, चिंचवडच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं क्वालिटीत होते. आलेला माल तपासायचा आणि पास किंवा रिजेक्ट म्हणायचं, हे त्यांचं काम. रिटायर झाल्यावर लेकीनं आम्हाला परदेशात, हॅमिल्टनला बोलावून घेतलं, पण ह्यांच्या खिशातला व्हर्नियर काही सुटला नाही. केसाची जाडी मोजणारं ते हत्यार घेऊन ह्यांनी इथल्या घराच्या पायऱ्या मोजल्या, बर्फ शोव्हल करायच्या फावड्याचा दांडा मोजला, एकदा माझी भाकरी मोजली.

"एका बाजूला दोन मिलिमीटर जाड आहे," म्हणाले.

"मग ती बाजू आधी खा," मी म्हटलं.

गावाबाहेर शेतांकडे एखादं जुनं घर रिकामं होत असलं की सगळं सामान अंगणात मांडून विकतात. शनिवारी तिथं जाणं हा ह्यांचा इथला छंद. कंदील आणले, तार पाठवायचा जुना खटका आणला, एक लाकडी दात असलेला नांगराचा तुकडा आणला आणि बेसमेंटमध्ये माझ्या पापडांच्या डब्याशेजारी ठेवला. आणि यंदा घटस्थापनेच्या आदल्या शनिवारी एका बुटाच्या खोक्यात ते आणलं.

जेवणाच्या टेबलावर खोकं उघडलं. लांब नळी, मध्ये सहा घरांचं गोल चक्र, लाकडी मूठ, आणि काळपट पडलेला पितळी सांगाडा. दोरीनं एक पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधलेली. तिच्यावर इंग्रजीत 'नेव्ही रिव्हॉल्व्हर, १८५१, अस्सल.'

"बाबा! गन?" ईशानीचा घास हातातच राहिला.

"गन नाही. इतिहास," हे म्हणाले. "नळीची लांबी साडेसात इंच असते. मी जागेवर मोजली. एकशे नव्वद पॉइंट पाच मिलिमीटर. दशांशापर्यंत जुळली! आणि हा काळा थर बघ. याला पॅटिना म्हणतात. दीडशे-पावणेदोनशे वर्षांशिवाय येत नाही."

ईशानीनं फोन काढला. आमची लेक सॉफ्टवेअरमध्ये आहे, तिला कुठलीही गोष्ट आधी फोनमध्ये खरी व्हावी लागते. पाच मिनिटं वाचत राहिली, मग म्हणाली, "ओके, लिसन. अठराशे अठ्ठ्याण्णवच्या आधी बनलेलं असं जुनं रिव्हॉल्व्हर असेल तर ते अँटिक. लायसन्स लागत नाही. पण त्याची आता बनवलेली कॉपी असेल, आणि ती उडत असेल, तर ती सरळ हँडगन. लायसन्स पाहिजे, रजिस्ट्रेशन पाहिजे. आणि आता तर नवीन हँडगन कोणाला घेताच येत नाही."

मी विचारलं, "म्हणजे खरं असेल तर चालतं आणि खोटं असेल तर गुन्हा?"

"एग्झॅक्टली, आई."

मला वाटलं होतं मीच काहीतरी उलटं समजले.

"मग प्रश्नच नाही," हे म्हणाले. "अस्सल आहे. मी पास केलंय."

"बाबा, दसऱ्यानंतर तुमची ओथ आहे. त्याच्या आधी केस झाली ना, तर शपथ राहिली बाजूला. सगळंच लटकेल."

इथं मला थोडं थांबून सांगायला हवं. दसऱ्यानंतरच्या मंगळवारी आम्हा दोघांचा नागरिकत्वाचा शपथविधी होता. मला त्याचं विशेष काही नव्हतं, देव इथंही आहे आणि तिथंही. पण हे सहा वर्षं त्या दिवसाची वाट बघत होते. बँकेत गेलं की विचारायचे, व्हिजिटर आहात का. दवाखान्यात विचारायचे. पत्र आलं त्या दिवशी हे खिडकीशी उभे राहिले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "एकतीस वर्षं मी दुसऱ्यांचा माल पास केला. आता मला कुणीतरी पास करतंय." तेव्हापासून रोज सकाळी वॉशरूमच्या आरशासमोर उजवा हात वर करून शपथ पाठ चालली होती. इंग्रजीत, आणि मग इथली दुसरी सरकारी भाषा म्हणून फ्रेंचमध्येसुद्धा. फ्रेंच शिकायची कुणी सक्ती केली नव्हती. 'पूर्ण मार्क' म्हणाले.

तर खोकं बंद झालं आणि कपाटावर गेलं. मंगळवार होईपर्यंत कुणी त्याचं नाव काढायचं नाही असं न बोलता ठरलं. पण नवमी आली, आणि ह्यांनाच राहवेना.

खंडेनवमीला आमच्याकडे शस्त्रांची पूजा असते. आता आमच्यासारख्यांच्या घरात शस्त्र कुठलं असणार? पुण्याहून आणलेली विळी, ह्यांचा व्हर्नियर, ईशानीचा लॅपटॉप, आणि हॅमिल्टनला आल्यापासून बर्फाचं फावडं. आदल्या संध्याकाळी हे म्हणाले, "जयंती, दरवर्षी विळीच्या शेजारी फावडं मांडतेस. या वर्षी घरात खरं शस्त्र आहे. ते ठेव पाटावर."

"ते काळं आहे हो."

"मग?"

मग काय ते मी बोलले नाही. काळ्या पितळेला हळदकुंकू लावायचं ही कल्पनाच मला सहन होत नाही. पॅटिना काय ते ह्यांनी सांगितलं होतं, पण खरं सांगते, मला ते धूळ आणि तेल याचंच इंग्रजी नाव वाटलं होतं.

चातुर्मासात सकाळचा जप होईपर्यंत माझं मौन असतं. साधारण दहापर्यंत. आमच्या आईची शिस्त अशी की मौनात लिहूनही दाखवायचं नाही, ते बोलल्यासारखंच. तर सकाळी आठला, एका हातात स्मरणी आणि दुसऱ्या हातात स्क्रबर असं माझं चाललं होतं. रिव्हॉल्व्हर सिंकमध्ये चिंचेच्या कोळात. काळं पाणी सुटायला लागलं आणि त्याबरोबर एक वास. ओळखीचा. शाळेच्या दिवसांतला. मी नाक जवळ नेलं. बूटपॉलिश!

मी अजून घासलं. पितळ असं उजळलं की समईनं लाजावं. आणि सांगाड्यावर एका बाजूला, जिथं जरा खोलगट, कानशीनं घासल्यासारखं दिसत होतं, तिथं एक बारीक चांदणी निघाली. अर्धीच. तिच्याजवळ एक एवढीशी चौकट. मग मी नळीखालचा दट्ट्या खाली ओढला. भांड्याचा सांधा कधी सोडायचा नाही, मळ तिथंच असतो. तर त्या दट्ट्याच्या आड, नळीच्या पोटाला, सुबक कोरलेली इंग्रजी अक्षरं. मी चष्मा पुसून वाचली.

मेड इन इटली.

स्मरणीचे सत्तावीस मणी राहिले होते.

हे वॉशरूममध्ये शपथ घोकत होते. मी तशीच ओल्या हातानं गेले. दार उघडंच होतं. हे आरशासमोर, उजवा हात वर, "आय विल फेथफुली..." आणि आरशात ह्यांना काय दिसलं असेल तर नऊवारीतली बायको, तोंड मिटलेलं, हातात रिव्हॉल्व्हर. ह्यांचा डावा हातही वर गेला.

"अगं! अगं, काय झालं? मी काय केलं?"

मी मान हलवली आणि रिव्हॉल्व्हर पुढं केलं. हे टबात उभे राहिले.

मी बोटानं अक्षरं दाखवली. ह्यांचा चष्मा बेसिनवर, त्यांना काही दिसेना. मी इटली कशी दाखवायची याचा विचार केला. नकाशात ती बुटासारखी दिसते, म्हणून पाय उचलून बुटाचा आकार दाखवला.

"पाय दुखतोय?"

मी हवेत पिझ्झाचा मोठा गोल काढला, त्याचे तुकडे केले, एक तुकडा खाल्ला.

"उपास आहे ना तुझा? भूक लागली?" मग त्यांची नजर पितळेवर गेली. ते पितळ आता असं झळकत होतं की चष्म्याची गरजच नव्हती. ह्यांचा चेहरा बदलला. "जयंती. तू हे घासलंस?"

मी हो म्हणून मान हलवली.

"चिंचेनं?"

मान.

"पॅटिना घासलास तू! पावणेदोनशे वर्षं!" हे टबाच्या कडेवर बसले. "कुणी केलं असतं हे? जगात कुणी केलं असतं? शत्रूनं नसतं केलं!"

मी शांतपणे वॉशरूमबाहेर आले, देवासमोर बसले आणि सत्तावीस मणी पूर्ण केले. घाईनं केले, हे खरं आहे. मग परत गेले आणि म्हटलं, "तो पॅटिना बूटपॉलिशचा होता. आणि खाली इटली लिहिलंय."

ह्यांनी चष्मा लावला, अक्षरं वाचली, नळी हुंगली. मग म्हणाले, "वास मलाही आला होता. मला वाटलं युद्धाचा वास असेल."

दोन घरं सोडून यशोधरा राहते. मूळची नागपूरची, आणि इथल्या एका संग्रहालयात जुन्या धातूच्या वस्तू सांभाळायचं तिचं काम. संध्याकाळी आम्ही दोघी फिरायला जातो. दुसऱ्या दिवशी दसऱ्याला त्यांच्या मंडळाचा धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा कार्यक्रम तासाभरावर एटोबिकोला होता, त्याच्या तयारीसाठी तिनं रजा काढलेली. मी फोन केला तशी पांढऱ्या साडीला इस्त्री करता करता तशीच आली, हातात छोटा टॉर्च आणि डोळ्याला लावायचं भिंग.

"मी पूजेला नाही आली हं ताई," चपला काढत म्हणाली. "मी पितळेला आली."

"पितळेचं काय राहिलंय आता," हे म्हणाले.

यशोधरानं रिव्हॉल्व्हर हातात घेतलं नाही. आधी विचारलं, "रिकामं आहे न?"

"मी तपासलं."

"कशानं?"

"बघून."

तिनं माझ्याकडे एक उदबत्ती मागितली. मला वाटलं शेवटी पूजेला बसते की काय. तिनं काडी उलटी धरली, चक्राच्या सहाही घरांत एकेक करून घातली, प्रत्येक वेळी खोलीवर नखानं खूण धरली. "यात दारू आणि गोळी समोरून भरतात. शंभर वर्षांपूर्वीची भरलेली तशीच आत राहिलेली असू शकते. सहाही सारखी खोल. रिकामं आहे." मग नळीतही काडी घातली. "आता बसा मिलिंदभाऊ. उभं राहून ऐकू नका."

हे बसले. व्हर्नियर हातात घट्ट.

"पहिली गोष्ट. चिठ्ठीवर जे मॉडेल लिहून आहे, त्याचा सांगाडा लोखंडाचा असे. पितळेचा नाही. सीमेपलीकडच्या यादवी युद्धात लोखंड कमी पडलं तेव्हा तिथल्या दक्षिणेकडच्या काही कारखान्यांनी पितळेचे केले, पण थोडेच, आणि ते असे शनिवारी अंगणात नाही सापडत. कॉपी करणारे मात्र पितळेचे भरपूर करतात. स्वस्त पडतं अन् चकाकतं."

"पण माप!" हे म्हणाले. "एकशे नव्वद पॉइंट पाच! दशांशापर्यंत!"

"मिलिंदभाऊ, कॉपी मापानंच करतात न."

ह्यांनी व्हर्नियर मांडीवर ठेवला.

"आता नंबर बघा. जुन्यात एकच नंबर सांगाड्यावर, नळीवर, खालच्या कडीवर, सगळीकडे ठोकलेला असे. म्हणजे सुटे भाग आपसांत बदलू नयेत म्हणून. इथं नंबर एकाच जागी. झीज बघा. माणसाचा हात जिथं लागतो तिथं झीज होते. मुठीपाशी, घोड्यापाशी. इथं मूठ नवी आणि काळं सगळीकडे सारखं. म्हणजे होतं सारखं, ताईंनी काढायच्या आधी. अन् काळं खाचेत बसतं, उंचवट्यावर नाही बसत. कोणीतरी फडक्यानं चोळून लावलं."

"आणि ही चांदणी?" मी विचारलं.

"इटलीत विकायच्या आधी बंदूक सरकारी ठिकाणी उडवून तपासतात. फुटली नाही तर हा शिक्का मारतात." तिनं भिंग लावलं. "कोणीतरी कानशीनं घासायला गेलं अन् अर्धंच घासून कंटाळलं. चौकटीत दोन अक्षरं आहेत, ती सालाची खूण. ए अन् टी. म्हणजे..." तिनं फोनवर काहीतरी पाहिलं. "एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी."

आमचं लग्न अठ्ठ्याऐंशीचं. आम्ही दोघांनीही एकदम त्या वस्तूकडे पाहिलं.

"म्हणजे तिथल्या माणसानं तपासून पास केलेलं आहे," हे हळूच म्हणाले. त्यातल्या त्यात समाधान.

"हो. इटलीच्या तुमच्यासारख्यानंच." यशोधरानं टॉर्च नळीखाली फिरवला. "आणि हे बघा, ताईंना हे दिसलं नाही. दट्ट्यामागं आणखी एक ओळ आहे. ब्लॅक पावडर ओन्ली. म्हणजे साध्या काळ्या दारूशिवाय दुसरं काही भरू नका."

"मग ते जुन्या काळचंच झालं ना?" ह्यांचा आवाज जरा वर आला. "काळी दारू जुन्याच काळी वापरायचे!"

यशोधरा हसली नाही. तिला हसू दाबताना मी पाहिलं. "भाऊ, त्या काळी दुसरी दारू होतीच कुठं? मग 'हीच भरा' असं कशाला लिहील कोणी? आपल्या आजीनं पितळेच्या तांब्यावर 'फक्त हातानं धुवा' लिहिलं होतं का?"

ह्यांनी ती ओळ बोटानं चाचपली. मग एकदम उठले. "शोभेचं असेल! नुसतं शोभेचं! उडतच नसेल तर कसली हँडगन? अशी शोभेची चालतात, ईशानीनं वाचलं होतं."

यशोधरानं चक्राच्या मागच्या बाजूची सहा टोकं दाखवली. "यांवर टिकलीची टोपी बसते. दिवाळीच्या टिकल्यांसारखीच. घोडा टोपीवर आपटतो, ठिणगी या टोकातून आत जाते. शोभेचं असतं तर ही भोकं बुजलेली असती." तिनं टॉर्च पुढून लावला. मागं सहा बारीक उजेडाचे ठिपके दिसले. "उडते, भाऊ. चांगली उडेल."

ती गेली. जाता जाता मला म्हणाली, "ताई, खरं जुनं असतं आणि तुम्ही असं घासलं असतं न, तर मी तुमच्याशी सहा महिने बोलली नसती." मी कानाला हात लावले.

मग आमच्या घरात अर्धा तास जे झालं ते मी सांगते, कारण ते झालं. ह्यांनी येरझाऱ्या घातल्या. म्हणाले, "तळ्यात विसर्जन करू."

"अहो, तो गणपती नाही."

"बागेत पुरू."

"बल्ब लावायचेत तिथं. ट्यूलिपचे."

"मग कपाटावर राहू दे मंगळवारपर्यंत. कुणाला कळणार आहे? यशोधरा सांगणार नाही. ईशानी सांगणार नाही."

"मी?"

"तू कशाला सांगशील? तू नुसती गप्प बस. तुला सवय आहे."

"माझं मौन दहापर्यंत असतं. शपथ एक वाजता आहे. आणि त्या पत्रामागं प्रश्न आहेत, मुलाखतीनंतर काही घडलं का म्हणून. मला विचारलं तर मी काय सांगू? चातुर्मासात मी खोटं बोलत नाही."

"कार्तिकी एकादशीपर्यंत कोण थांबणार!" हे ओरडले, आणि मग स्वतःच खाली बसले. व्हर्नियरचा जबडा उघडत, मिटत राहिले. मला वाईट वाटलं. सहा वर्षांची वाट होती ती, आणि आता एका फोननं ती मोडणार की काय हे मलाही माहीत नव्हतं. मी उठले आणि पूजेची तयारी केली.

दुपारी पाट मांडला. विळी, व्हर्नियर मागून घेतला, लॅपटॉप, फावडं, आणि मधोमध ते. हे म्हणाले, "त्याची कशाला करतेस आता? नकली आहे ते."

"पूजेसाठी आंघोळ घातलीय त्याला. विळीला तरी मी कधी विचारलं की तू अस्सल का म्हणून?"

हळद लावली, कुंकू लावलं, कुंडीतला झेंडू वाहिला. हे शेजारी हात जोडून बसले होते. आरती झाली. हे उठले, बेसमेंटमध्ये गेले आणि एक लाल कार्ड घेऊन आले. कारखान्यातून निघताना आठवण म्हणून आणलेल्या कार्डांतलं. त्यावर रिजेक्ट छापलेलं असतं आणि खाली कारण लिहायला जागा. ह्यांनी पेन काढून कारण लिहिलं, 'तपासणाऱ्याची चूक.' दिनांक घातला, सही केली. जुनी चिठ्ठी सोडून तिथं ते बांधलं.

"एकतीस वर्षांत मी खराब माल पुढं ढकलला नाही," म्हणाले. "माझ्याच घरातून कसा ढकलू?"

आणि ह्यांनी पोलिसांना फोन लावला. तातडीचा नव्हे, साधा नंबर. पलीकडच्या बाईनं विचारलं असावं की वस्तू आता कुठं आहे, कारण हे म्हणाले, "इट इज ऑन अ वुडन प्लँक, मॅडम. बिटवीन द व्हेजिटेबल कटर अँड द स्नो शोव्हल. देअर आर फ्लॉवर्स ऑन इट." मग बराच वेळ ऐकत राहिले. "नो मॅडम, नोबडी हॅज डाइड."

चारच्या सुमाराला गाडी आली. तरुण मुलगी, खांद्यावर रेडिओ, नावाची पाटी गिल. दारातच तिला झेंडू आणि समई दिसली. ती थांबली.

"आंटी जी, शस्त्र पूजा है?"

"हाँ बेटा."

तिनं बूट काढायला सुरुवात केली. पोलिसाचे बूट काढायला बराच वेळ लागतो. हे तेवढा वेळ भिंतीला चिकटून उभे होते, दोन्ही हात दिसतील असे. ती आत आली, डोकं जरासं झुकवलं, मग खाली वाकून लाल कार्ड वाचलं. मराठी येत नव्हतं, पण रिजेक्ट समजलं. ह्यांनी सगळं सांगितलं. एकशे नव्वद पॉइंट पाचसुद्धा सांगितलं. चांदणी, चौकट, अठ्ठ्याऐंशी, दट्ट्यामागची ओळ. कुठून घेतलं ते सांगितलं, पावती दाखवली. शेवटी मंगळवारचं पत्र दाखवलं. 

"सुपरवाइज़र से बात करके आती हूँ," ती म्हणाली आणि बाहेर पोर्चवर गेली.

आम्ही दोघं आत. तिचा आवाज ऐकू येत होता, शब्द नाहीत. हे म्हणाले, "जयंती, मी तिथं नाही आलो तरी तू घे शपथ."

"बघू."

"बघू काय! फ्रेंच तुला कुठं येतं, तुला इंग्रजीतच घ्यावी लागेल."

मला रडू येईल असं वाटलं आणि हसू आलं.

ती आत आली. "अंकल जी, आपने खुद जाँच करवाई, खुद फ़ोन किया। रिपोर्ट बनेगी, पर आप पर चार्ज नहीं लगेगा। बेचनेवाले से हम पूछेंगे।" मग हातमोजे चढवत म्हणाली, "अब ये मैं ले जाऊँ?"

आता माझी पंचाईत. नवमीला मांडलेली शस्त्रं दसऱ्यापर्यंत हलवायची नसतात. मी तिला ते सांगितलं. ती बिचारी म्हणाली, "आंटी जी, रातभर नहीं छोड़ सकती।" ते खरंच होतं. मग मी म्हटलं, थांब, याच्या एकट्याची उत्तरपूजा करते. पाच मिनिटं. ती मोजे काढून, हात जोडून उभी राहिली. मी गंध लावलं, अक्षता वाहिल्या, पाटाला हात लावला आणि वस्तू जराशी हलवली. झालं.

"अगं," हे पुटपुटले, "शेवटचं राहिलं. पुनरागमनाय च."

म्हणजे पुन्हा या. विसर्जनाला ते म्हणायचंच असतं. गौरीला म्हटलं, गणपतीला म्हटलं, इतक्या वर्षांत कधी चुकले नाही.

"राहू दे," मी म्हटलं. "चातुर्मास आहे. खोटं बोलायचं नाही."

गिलनं ते झेंडूसकट पिशवीत घातलं, लाल कार्डही तसंच राहू दिलं. मी तिच्या हातावर साखरफुटाण्यांचा प्रसाद ठेवला.

मंगळवारी हॉलच्या दाराशी टेबल होतं. तिथल्या मुलानं कागद पुढं केला आणि विचारलं, मुलाखतीनंतर काही बदललं का, अटक, आरोप वगैरे. ह्यांनी 'नो' म्हटलं आणि पुढं सरकले. मग माझी पाळी. मला वाटलं, नुसतं 'नो' पुरेल का? तर मी सगळं सांगितलं. चिंच, बूटपॉलिश, उदबत्ती, माझ्या इंग्रजीत जेवढं जमलं तेवढं. मागची रांग दारापर्यंत गेली. हे पुढं डोळे मिटून उभे होते.

मुलानं शांतपणे ऐकलं. "मॅम, वॉज एनीवन चार्ज्ड?"

"नो."

"देन इट्स अ नो, मॅम."

ह्यांनी शपथ घेतली. उजवा हात अगदी काटकोनात. फ्रेंच ओळी आल्या तेव्हा आमच्या रांगेत ह्यांचाच आवाज सगळ्यात मोठा होता. मग एकेकाला बोलावून कागद हातात दिला. बाहेर आल्यावर हे पायऱ्यांवर थांबले, तो कागद उजेडाकडे धरला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला.

"काय बघताय?"

"शिक्का."

"आहे?"

"आहे. अख्खा आहे," हे म्हणाले. व्हर्नियर खिशातच राहिला. "पास."